टर्बोचे झटके

३ जून, सकाळी ७
आजपासून दोन निश्चय. एक, रोज अर्धा तास चालणे. दोन, गाडीच्या दुखण्याचा छडा लावणे. चालणे उद्यापासून, कारण गाडी आधी.

टर्बोची ऑटोमॅटिक गाडी. सहा वर्षांत हूं की चूं केलं नाही. गेला आठवडाभर मात्र मध्येच उसळी मारते, मग गचके खात थरथरते. वीस तारखेला मुलीला नोकरीच्या गावी सोडायचंय. साडेपाचशे किलोमीटर. शाळेच्या पहिल्या दिवसापासून तिला मीच सोडत आलोय, तेव्हा हेही मीच करणार. मेहुणा म्हणाला, मी चालवतो. त्याला हसून वाटेला लावलं.

सतरा दिवस हातात आहेत. मला दोन पुरे.

५ जून
चारही स्पार्क प्लग बदलले. स्वतः, अनवाणी, अंगणात बसून. एक स्क्रू हरवला, तो शोधण्यात तास गेला. संध्याकाळी बायकोला फरशीवर लाल ठिपके दिसले. स्क्रू माझ्या उजव्या तळव्यात होता. कामात मन एकाग्र झालं की माणसाला असलं काही कळत नाही, असं तिला सांगितलं. ती बराच वेळ तळव्याकडे बघत बसली.

झटके कायम.

६ जून
चालायला निघणार होतो. पायाला पट्टी असल्याने रद्द.

८ जून
रात्रंदिवस व्हिडिओ पाहून निदान पक्कं केलं. टर्बोकडून, म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडून, इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप फाटला की हवा गळते आणि जोर येतो-जातो. पाइप काढला. धडधाकट निघाला. तरी नवा बसवला. हाती घेतलेलं काम अर्धवट सोडणं आपल्या रक्तात नाही.

मुलीला शेजारी बसवून चाचणी घेतली. सिग्नलला थांबताना गाडी पुन्हा उसळली. पुढच्या स्कूटरवाल्यापासून वीतभर अंतरावर थांबलो. तो मागे वळून जे बोलला ते इथे लिहीत नाही. परत येईपर्यंत मुलीने दारावरची मूठ सोडली नाही. सीट बेल्ट सैल असेल.

११ जून
मेकॅनिककडे गेलो, फक्त दुजोऱ्यासाठी. त्याने स्कॅनर लावला. एकही एरर नाही. त्याने एक फेरी मारली, गाडी लोण्यासारखी. मी मारली, झटके. परक्यांसमोर गाडी गुणी पोरासारखी वागते, असं मी त्याला म्हणालो. तो माझ्या पायांकडे बघत होता. डाव्या पायात चप्पल होती. उजवी घरीच दारात राहिली होती. घाईत होतं असं.

१३ जून
मेकॅनिकने गाडीला लॅपटॉप जोडला आणि मला चालवायला लावलं. पडद्यावर दोन रेघा. टर्बोचा दाब वर-खाली, आणि प्रत्येक वेळी त्याच्या जरा आधी अॅक्सिलरेटरची रेघ वर-खाली. मेकॅनिकचं म्हणणं, पेडल जे सांगतंय तेच इंजिन करतंय. म्हणजे पेडलचा सेन्सर गेलाय, हे मी त्याच्या आधी ओळखलं. नवा मागवला.

मग त्याने जुनाच सेन्सर ठेवून मुलीला चालवायला सांगितलं. गाडी तिला मीच शिकवली आहे. रेघ सरळ आली. तिने दोन्ही आलेख शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. सेन्सर जायला लागला की कधी चालतो, कधी नाही, हे मी तिला नीट समजावलं. तिने मेकॅनिककडे पाहिलं. तो हात पुसायला आत गेला.

१६ जून
नवा सेन्सर बसवला. झटके कायम. हल्ली नव्या मालात दम नाही.

जेवताना बायकोने विचारलं, शुगरच्या गोळ्या कधीपासून बंद आहेत. मार्चपासून. बरं वाटत होतं म्हणून. विषय चालला होता गाडीचा, हिने तो कुठच्या कुठे नेला. मुलीने परवाची डॉक्टरांची वेळ घेऊन टाकली आहे. जाऊन येईन, म्हणजे दोघी गप्प बसतील आणि मला गाडीच्या इंजेक्टरकडे बघता येईल.

१८ जून, दुपारी
डॉक्टरांकडे. मुलगी बाहेर बाकावर बसली. डॉक्टर म्हणाले, डोळे मिटा आणि पायाला स्पर्श जाणवला की हो म्हणा. मिटले. वाट पाहिली. वरचा पंखा कुरकुरत होता. त्याचं बेअरिंग गेलंय हे मी आवाजावरून ओळखलं. आणखी थोडा वेळ थांबलो. शेवटी मीच विचारलं, सुरू कधी करणार. ते म्हणाले, दोन्ही पाय तपासून झाले.

डोळे उघडले. त्यांच्या हातात नायलॉनचा दोरा लावलेली एक काडी होती. दोरा फार बारीक असेल, असं मी म्हणालो. त्यांनी तो माझ्या हातावर टेकवला. तिथे लगेच कळला.

गाडी चालवायची नाही, म्हणाले. किती दिवस, ते आत्ता सांगता येणार नाही.

बाहेर आलो. मुलगी बाकावरून उठली. किल्ली तिच्या हातात दिली. फार वाईट वाटलं. वीस तारखेला मी शेजारी बसून इंजिनाच्या आवाजाकडे लक्ष ठेवेन, असं तिला सांगितलं. ती हो म्हणाली. घरी येईपर्यंत गाडीने एकदाही झटका दिला नाही.