मधल्या खांबावरचं पाणी

१० ऑगस्ट १९४३
पोचलो एकदाचा. हट्ट्याहून निघून आज पाचवा दिवस. घरी मेंढरांमागं पाय ठरत न्हवते, हितं येऊन मात्र डोळे ठरले. नदी कसली, समुद्रच. आगबोटी येतात-जातात. काम रेल्वेच्या फिरत्या पुलावर. बोट आली की आमी आठ जण मधल्या खांबावर लोखंडी दांडे लावून घाण्याच्या बैलावानी गोल चालतो. रुळांसकट पूल आडवा फिरतो, बोट जाते, मग परत जोडायचा. भात पोटभर. झकास.

१३ ऑगस्ट
मुकादम हिरासिंग तीस वर्षं हितंच हाये. तो सांगतो, रेल्वे आली तवा बोटवाले अडून बसले, आमच्या डोलकाठ्या कुठून जाणार म्हणाले. म्हणून फिरता पूल झाला. पहिल्या दिवसापासून एक कायदा: खांबाला काही अडकलं तर बांबूनं ढकलायचं, कोणाचं ते पुसायचं न्हाई. मी म्हणालो, लाकडाला नाव-गाव कोण पुसतं? सगळे हसले. हिरासिंग हसला न्हाई.

१९ ऑगस्ट
लाकडं न्हाईत, माणसं येतात. वरच्या मुलखात दुष्काळ, जाळायला कोणी उरलं न्हाई. आज तीन. फुगलेली. बांबू लागला की कातडी सुटते, उकडलेल्या हळकुंडाची साल सुटते तशी. वास नाकात न्हाई, जिभेवर बसतो. भातावर मासा वाढला, त्याच नदीतला. ओकलो. हिरासिंग म्हणाला, भेडवाले, आठ दिवसांत मागून खाशील.

२४ ऑगस्ट
दुपारी एक म्हातारी अडकली, तोंड उघडं. माझी माय गेली तवा मी वसमतच्या बाजारात उंडारत होतो. तिच्या तोंडात पाणी घालायला लेक न्हवता. वाकलो, माठातलं पाणी ओंजळीनं म्हातारीच्या तोंडात सोडलं, मगच ढकललं. हिरासिंगनं बघितलं. शिवी दिली न्हाई. एवढंच पुसलं की उद्या कितीजणांना पाजशील.

२५ ऑगस्ट
तीच म्हातारी. हिरासिंग म्हणतो भरती उलटी चढते, गेलेलं परत येतं. पण ओहोटी लागली तरी ती हलली न्हाई. पाणी घातलं. गळा हलला. आत खेकडा असंल.

२९ ऑगस्ट
खेकडा न्हवता. आज चौदा, सगळ्यांची तोंडं वर. बोट गेली, पण पूल जुडंना. दांड्याला छाती लावली, तसूभर सरकंना. त्यांनी पूल फिरतो त्या खालच्या चाकांत हात घातलेत. मेल सिग्नलला उभी. एकेकाला पाजलं तवा सोडलं. माझी बोटं बुळबुळीत. राख चोळली, बुळबुळ जात न्हाई.

३० ऑगस्ट
पळायचं ठरवलं, वळकटी बांधली. हिरासिंगनं हात जोडले. तू गेलास तर पूल जुडायचा न्हाई, मेलमधी लेकरंबाळं असतात म्हणाला. माझ्या माठाला मात्र आता कोणी शिवत न्हाई. थांबलो.

२ सप्टेंबर
मोजणं सोडलं. पाणी पुरत न्हाई. थुंकी गिळवत न्हाई, तिलाही तीच चव. काहून पाजलं मी —

४ सप्टेंबर, दुपार
पूल उघडा. बाकीचे बोटीवर उड्या टाकून गेले. हिरासिंग पण. मी एकटा खांबावर. ती पाण्यातली वर चढून राहिलीत —

सिग्नलची तार त्यांनी ओढून धरलीय. मेलला रस्ता मोकळा दिसत असंल. शिट्टी झाली.

माठ रिकामा. नदीचं दिलं. खारं. त्यांनी थुंकलं.

म्हातारीनं माझं डावं मनगट तोंडात घेतलं. दात न्हाईत, नुस्त्या हिरड्या, गार — चोखून राहिली. पूल वीतभर सरकला.

अजून दहा हात तरी सरकायचा — उजवं दिलं तर लिहायला