बैलाची पाटी

लातूर

प्रिय गौसिया,

तुझे फोन येतात आणि मी उचलत नाही. रागावू नकोस. तू 'कशी आहेस' म्हणून विचारणार आणि मला उत्तर सापडणार नाही, म्हणून कागद घेतलाय.

मी बरी आहे. जेवते, झोपते, टीव्हीसुद्धा बघते. हे गेले, मागून दिवाळीही गेली, पण माझ्या डोळ्यांतून टिपूस नाही. शेजारणी म्हणतात, रडून मोकळी हो. आता रडू काय बाजारातून आणू? दात काढल्यावर गाल कसा बधिर होतो, तसं सगळं झालंय. चिमटा काढला तरी कळायचं नाही.

ह्यांच्या पाट्या भिंतीवर तशाच आहेत. जुन्या खत कंपन्यांच्या त्या बिडाच्या, ओतीव लोखंडाच्या जाहिराती, कुठे कणीस, कुठे नांगर, कुठे मिशीवाला शेतकरी. तुमच्या निजामभाईंच्या भंगाराच्या दुकानात एखादी आली की ते नांदेडहून फोन करायचे, आणि आमचे हे भरल्या ताटावरून उठून बस पकडायचे. मी म्हणायची, ह्यापरीस सवत परवडली, तिला निदान गंज तरी चढत नाही. आता सत्यमने पुण्याचं गिऱ्हाईक बघितलंय, सगळ्या एकदम नेणार. लेकाला मी हो म्हणून टाकलं. भिंती रिकाम्या झाल्या काय आणि भरलेल्या राहिल्या काय.

एकच पाटी ह्यांना मिळाली नव्हती, मुरुडकडची. व्यंकट म्हणून एक शेतकरी आहे, त्याच्या बांधावर उभी होती. वर ठसठशीत बैल. त्याच्या आजोबांनी बैल बघून शेंदूर फासला आणि तेव्हापासून ती म्हसोबाच झाली. दर येळवसेला हे तिकडे जायचे. त्या अवसेला सगळं लातूर शेतात भज्जी-आंबील खायला गेलेलं असतं, गल्लीत कुत्रं नसतं, आणि मी घरी एकटी. मला वाटायचं, मागून मागून एक दिवस आणतीलच.

परवा तो व्यंकट पाटी घेऊन दारात हजर. त्याने आणि मी, दोघांनी धरून आत आणली. डिझेल लावून शेंदूर पार खरवडला होता, बैलाखाली कंपनीचं नाव उघडं पडलेलं. म्हणाला, साहेबांना लई आवड होती, देवाला आम्ही दुसरा दगड मांडला. मी विचारलं, इतकी वर्षं मागत होते तेव्हा का नाही दिली? ह्यांनी कधी मागितलीच नव्हती म्हणे. त्यानेच एकदा देऊ केली, तर हे म्हणाले, राहू द्या, ही घरी नेली तर येळवसेला मी कुठे येऊ? कडब्याच्या कोपीत पंगतीला बसायचे, त्यांच्या लेकरांशी गप्पा मारायचे आणि दिवस कलला की निघायचे. उंबऱ्यात चप्पल घालताना व्यंकट म्हणाला, "दर सालाला सांगायचे, पुढल्या येळवसेला आमच्या हिला घेऊन येतो. आमची मालकीन तुमचं ताट वाढूनच ठेवायची, वैनी."

गौसिया, मला एकदाही म्हणाले नाहीत गं. शेताचं नुसतं नाव काढलं असतं तरी मी पदर खोचून पुढे निघाले असते. लोखंडाला नावं ठेवते म्हणून भ्याले? की घरी येईपर्यंत विसरायचे? आता कुणाला विचारू? तो गेल्यावर मला ह्यांचा इतका राग आला, की हातातला कप भिंतीवर आपटावासा वाटला. इतक्या महिन्यांत मला वाटलेलं हे पहिलंच काहीतरी.

पाटी दाराजवळच पडून आहे. पुण्याच्या गिऱ्हाइकाला ती द्यायची नाही, सत्यमला सांगितलंय. तिला परत बांधावर उभी करायची. शेंदूर आणून ठेवलाय. पण बीड आहे ते, मला एकटीला जागचं हलत नाही. येळवस तोंडावर आलीय. निजामभाईंना म्हणावं टेम्पो काढा, आणि तूही बस त्यात. व्यंकटला मी निरोप धाडलाय, यंदा माझं ताट वाढूनच ठेव. घास घेताना तू शेजारी हवीस. तिथे मला रडू फुटलं, तर धरायला कुणीतरी आपलं पाहिजे.

तुझीच,
महानंदा