बिळाशेजारचा पांढरा दगड

शनिवार, १९ एप्रिल २००३
अल हिलाल, संध्याकाळ

दुखानच्या माळावरची एकोणीस बिळं आज पाहिली. त्यातली अकरा उकरलेली. चार वर्षं ज्यांचा अभ्यास करतेय ते काटेरी शेपटीचे सरडे, इथल्या अरबीत दब, काल सुट्टीच्या दिवशी कोणीतरी खायला पकडून नेले असणार. या दिवसांत नेतातच, नवं काही नाही. पण एका दिवसात अकरा?

गाडीत बसल्या बसल्या वहीत 'कारण: शिकार' लिहून टाकलं. आमचे ड्रायव्हर इस्माइलभाई राजापूरचे, माझ्याशी मराठीतच बोलतात. ते पाहून म्हणाले, "म्याडम, राग मानू नका. ज्या बिळांशी तुमचा पांढरा दगड होता ना, तेवढीच उकरलीत. बाकीच्यांना हात नाय लावला."

"काहीतरीच!" मी जोरात म्हटलं. उगाच चिडले त्यांच्यावर. मग वही काढून जुळवून पाहिलं. अकराच्या अकरा. उरलेली आठ कशी वाचली? ती यंदा नव्यानं सापडलेली, आणि दगड रंगवायचा माझा पांढरा रंग संपला होता, म्हणून त्यांच्याशी दगड ठेवायचे राहिले होते.

उद्या उजाडताच दुसऱ्या माळावरचे सगळे दगड उचलायचे. इस्माइलभाईंना सॉरी म्हणायचं.

आत्ता गेल्या वर्षीचा रिपोर्ट काढून बसलेय. पहिल्याच पानावर माझं वाक्य आहे: 'बिळं लांबूनही चटकन सापडावीत म्हणून प्रत्येकाशेजारी पांढरा दगड ठेवला आहे.'