आधीच ओढलेले पट्टे

३ जानेवारी

ति. बाबांना,
शि. सा. न.

पोचले, जेवते, झोपते. तुमचे तिन्ही प्रश्न संपले. आता माझा एक. सायकलला सामान बांधायचे आपल्या कारखान्यातले काळे रबरी पट्टे मी प्रयोगशाळेत तपासायला आणले ना, ते विचित्र वागताहेत. यंत्रात ओढले की आधी अगदी मऊ, आणि एका ठरावीक लांबीला आले की एकदम ताठर. नवं रबर असं वागत नाही. सर म्हणतात, हे आधी कुणीतरी ओढलेले आहेत. मी छातीठोकपणे नाही म्हणाले. आता एकच उरलाय. तोही तुटेपर्यंत ओढून अहवाल द्यायचा आहे, नाहीतर वर्षभराचं काम पाण्यात. तुम्ही ओढले होते का?

लोभ आहेच, तो उत्तरातून दिसू द्या.
तुमची खारू

११ जानेवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

तुझे सर हुशार दिसतात. फी वाया गेली नाही. पट्टे तुझ्या आईनं ओढले. डब्यात भरण्याआधी प्रत्येक पट्टा पूर्ण हात पसरून एकदा ओढायची. आत बुडबुडा राहिला असेल तर तिथं भेग दिसते. मी म्हणायचो, हा माल आहे, व्यायाम नव्हे. मग ती ताणलेला पट्टा तसाच माझ्या ओठांना टेकवायची. झटकन ताणलेलं रबर गरम लागतं. मी डब्याचं झाकण उघडून धरायचो.

तू नेलास तो तिच्या हातचा शेवटचा डबा. ती गेल्यापासून पट्टे साच्यात दाबायची प्रेस तापवलेली नाही. कामगार रोज विचारतो, मी उद्या म्हणतो. तू मात्र अहवाल अडवू नकोस. ओढ तो पट्टा.

तब्येतीला जप.
बाबा

१९ जानेवारी

ति. बाबांना,
शि. सा. न.

तुमचं पत्र वाचून यंत्र बंद केलं आणि खूप रडले. रबराच्या आत लांबच लांब धागे असतात, एकमेकांत गुंतलेले, बळकटीसाठी मिसळलेल्या काजळीच्या कणांना चिकटलेले. पहिल्यांदा ओढलं की गुंता सैल होतो, चिकटलेलं काही सुटतं, आणि सोडल्यावर सगळं पूर्वीसारखं बसत नाही. म्हणून पुढच्या वेळी रबर मऊ लागतं, पण पहिल्यांदा ओढलं होतं तिथपर्यंतच. बाबा, पट्टे जिथं अडतात ती आईच्या पसरलेल्या हातांची लांबी आहे. त्यापुढे ओढलं की ती खूण जाते. बाकीच्या पट्ट्यांची मी घालवून बसले.

हा शेवटचा तुमच्याकडे पाठवते. जमलं तर प्रेस तापवा आणि कुणी न ओढलेले नवे पट्टे पाठवा. नाही जमलं तर अहवाल पुढच्या वर्षी.

रागावू नका, एवढं मागते.
तुमची खारू

२ फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

नवे पट्टे सोबत आहेत. प्रेस तापायला निम्मा दिवस लागला. ती कुरकुरली, मीही. बुडबुडे निघाले तर सरांना सांग, तपासणारी नाही.

तुझा पट्टा पोचला. दोन्ही टोकं धरून सावकाश ओढत गेलो. अलगद येत गेला आणि मग एका जागी अडला. माझे हात तिच्याहून लांब, अजून पसरता आले असते. नाही पसरले. तसाच धरून उभा राहिलो. एवढा संसार केला, पण तिचे हात कुठवर पोचायचे ते मला काल कळलं.

अहवाल वेळेवर दे.
बाबा