पेरूवरचा लेप

बाबा, तुम्ही पेरू कधी दाबून घेतला नाही, नाकाशी धरून घ्यायचात. पिशवी घरात आली की ओसरीपर्यंत वास यायचा आणि आई स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "आणली का बिही?" पेरूला ती बिहीच म्हणायची. आता मी जिथे काम करते तिथून रोज ट्रकभर पेरू निघतात आणि त्यांना वास जवळजवळ नसतोच. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी मी ही नोकरी धरली, म्हणून तुम्हाला हे ठाऊक नाही. शहराबाहेर एक मोठं पत्र्याचं गोदाम आहे. पेरू धुतात, पातळ द्रावणात बुडवतात, पंख्याखाली वाळवतात. अंगावर डोळ्याला न दिसणारा पापुद्रा बसतो आणि चार दिवसांत मऊ पडणारं फळ दोन आठवडे टणक राहतं. आत ते म्हातारं होत असतं, बाहेरून कळत नाही. माझं काम लिखाणाचं. फळावर लेप आहे आणि तो कशाचा आहे हे खाणाऱ्याला कळलं पाहिजे असा नियम आहे. तो मजकूर मी तयार करते आणि खाली सही करते.

तुम्हीही तेच केलंत की. फॅक्टरीच्या तपासणी विभागात तीस वर्षं पेटीवर लिहिलेलं आणि पेटीतला माल जुळतो का, एवढंच पाहिलंत. मी दहा वर्षांची असताना फिनाईल सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून मोरीजवळ ठेवलं होतं. तुम्ही मनगट धरून मला तिथे नेलंत. ओरडला नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. "यावर चिठ्ठी काहून नाही लावली?" मी म्हटलं, घरात सगळ्यांना माहीत आहे. "अन् पाहुणा आला तर? त्याला कोण सांगून राहिलं?" मग माझ्याकडूनच कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलंत आणि खळ लावून चिकटवायला लावलंत.

यंदा आमच्याकडे लेप बदलला. आधीचा मेणाचा होता, हा दुधातल्या प्रथिनांचा. दूध ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी ते ठळक लिहावं लागतं. मी प्रत्येक फळावर लावायला लहान स्टिकर केलं होतं, इथल्या लोकांना वाचता यावं म्हणून हिंदीत, एका ओळीचं. मॅनेजर हसले. "मॅडम, फल पे कौन पढ़ता है? कार्टन पे छाप दो, नियम पूरा हो गया." खोटं नव्हतं ते. कार्टनवर छापलं, मी सही केली. पण कार्टन मंडीत फाडतात आणि पेरू उघडे टोपल्यांत पडतात, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. पंधरा दिवसांनी नदीवर, ग्वारीघाटावर पूजेच्या दुकानात ते पेरू दिसले. नारळ-फुलांशेजारी रचलेले, एकसारखे चकचकीत. बाजूच्या केळ्यांवर माश्या घोंघावत होत्या, पेरूंवर एकही नव्हती. मी उगाच पदर सावरला आणि पुढे गेले.

मग एकादशी येते. शेजारच्या काकू आणि मी मदन महल स्टेशनजवळच्या फळांच्या हातगाडीवर उभ्या आहोत. काकूंच्या सुनेला लहानपणापासून दूध चालत नाही; थेंब गेला तरी अंगावर गांधी उठतात. काकू तिच्यासाठी फराळ वेगळ्या कढईत करतात. "पहा वं, किती ताजे आहेत," काकू म्हणतात आणि पेरू निवडू लागतात. मला ती चकाकी ओळखू येते. तोंड उघडते मी, आणि मनात म्हणते, सगळेच पेरू काही आमचे नसतात. काकू किलोभर घेतात.

दुपारी भिंतीपलीकडून भांडं पडल्याचा आवाज आला, मग काकूंची हाक. सून जमिनीवर बसली होती, ओठ सुजलेले, श्वास शिट्टीसारखा. ताटलीत मीठ लावलेल्या फोडी, सालीसकट. काकूंचा मुलगा ड्यूटीवर होता, म्हणून ऑटोतून मीच नेलं. इंजेक्शन दिल्यावर तासाभराने ती बोलू लागली. डॉक्टरांनी विचारलं, "दूध कहाँ से गया?" काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना एकदम आठवलं की सकाळी देवाच्या खिरीचा झारा त्यांनी घाईत नुसता विसळला होता. "माझ्याच हातून झालं हो डॉक्टरसाहेब. तोच झारा शिंगाड्याच्या शिऱ्यात घातला मी." आणि त्या रडू लागल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सुनेला एकटीला गाठून सांगितलं, फळ सोलून खात जा. "काहून दीदी?" तिने विचारलं. ती आमच्याकडे बघून मराठी शिकली आहे. मी म्हटलं, आजकाल औषधं फार मारतात. गोदामात जाऊन पुन्हा स्टिकरचा विषय काढला. मॅनेजरांनी मान वर न करता विचारलं, "कंप्लेंट आई है क्या?" हो म्हटलं असतं तर माल थांबला असता, मंडीतला परत बोलवावा लागला असता, आणि सगळ्यांत आधी माझी सही बाहेर निघाली असती. मी नाही म्हटलं. स्टिकरचं पुढच्या हंगामात बघू, असं ठरलं. पेरू जातच आहेत. आता टमाट्यांनाही तोच लेप लावायचा आहे. मजकूर माझ्या टेबलावर आला आहे.

काकूंनी सुनेसाठी स्वयंपाक करणं सोडलंय. मुलाने वरच्या खोलीत वेगळी शेगडी मांडून दिली. नातीला भरवायलाही काकू आता हात पुढे करत नाहीत. भिंतीपलीकडे दिवसातून कितीदा तरी भांडी घासल्याचा आवाज येतो, घासलेलीच भांडी पुन्हा. रोज ठरवते की जाऊन सांगते, आणि रोज त्यांच्या दारावरून पुढे जाते.

तुम्हाला पाठवण्यासारखा पत्ता नाही, आणि असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. कारण एक गोष्ट अजून लिहायची राहिली आहे. डॉक्टरांनी दुधाचं विचारलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा त्या पोरीचा श्वास आला नाही. कार्टनवर लिहिलेलं आहे, हे आलं. आणि बाबा, मला हायसं वाटलं.