पाळकांच्या डॉक्टरेटला माझी सही

४ सप्टेंबर, गुरुवार
आमच्या चर्चच्या पाळकांचा प्रबंध आला. नातीने, रियाने, प्रिंट काढून दिला. मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, समितीची मी अध्यक्ष, म्हणून आधी मी वाचायचा. विषय: इथले, अमेरिकेतले मराठी म्हातारे. मुलं-सुना कामावर, नातवंडं शाळेत, हे दिवसभर रिकाम्या घरात. आणि चर्चने त्यांच्या घरी जाऊन दिलेल्या भेटी.
चहा टाकून वाचायला बसले. तिसऱ्या प्रकरणापर्यंत आले आणि आधण आटून पातेलं करपलं.
माझी वही आहे ही. नऊ वर्षं घरोघरी जाऊन लिहिलेली भेटींची वही, वाक्यामागून वाक्य इंग्रजीत. फक्त जिथे जिथे 'मी' आहे, तिथे मी नाही. तो आहे.
गेल्या हिवाळ्यात घेऊन गेला होता. "मंडळीचा इतिहास लिहितोय, मावशी." दीड महिन्याने परत आणून दिली, वर केळ्याचा केक. तेव्हा वाटलं, किती रीतीचा माणूस.
आजपासून या पानांवर तो नुसता पा. अख्खा शब्द लिहायची इच्छा नाही.

५ सप्टेंबर, शुक्र.
आज तिकडे शिक्षकदिन. नगरहून दोघी जुन्या विद्यार्थिनींचे मेसेज. बाई, तुम्ही कॉपी करणाऱ्यांना कसं पकडायचात!
हो ना.
सेमिनरीची, म्हणजे पा. शिकतो त्या धर्मशास्त्राच्या कॉलेजची, नियमपुस्तिका मागवून घेतली होती, ती आज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. पा.ने नक्कीच वाचलेली नाही. डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री हवी तर: आधीची धर्मशास्त्राची पदवी. त्यानंतर निदान तीन वर्षं प्रत्यक्ष सेवा. वर्षातून दोनदा तिथे राहून वर्ग. स्वतःच्या मंडळीत स्वतः केलेला प्रकल्प. त्यावर प्रबंध, मग तोंडी परीक्षा. आणि मंडळीतल्या पाच जणांची समिती, जिने प्रकल्प चालू असताना लक्ष ठेवायचं आणि शेवटी अहवाल द्यायचा. अहवाल पाळकाला दाखवायचा नाही. पाकीट बंद करून, वर सही करून, अध्यक्षाने स्वतः नेऊन द्यायचा. अहवाल नसेल तर तोंडी परीक्षाच नाही.
अहवालाचा प्रश्न सातवा: वर्णन केलेलं काम उमेदवाराने स्वतः केलं आहे, हे आपल्याला माहीत आहे का? हो. नाही. कारण द्या.
मला अध्यक्ष त्यानेच केलं. म्हातारी आहे, दाखवू तिथे सही करेल.
कारण देईन, बाबा. पुरवणी जोडून देईन.

७ सप्टें., रवि.
उपासनेनंतर कॉफीच्या टेबलापाशी गाठलं. म्हटलं, तिसरं प्रकरण ओळखीचं वाटलं.
पा. हसला. "मावशी, आपण दोघांनी मिळूनच केलं ना ते? तुम्ही लिहीत होतात, मी प्रार्थना करत होतो."
किती घरी आलात, म्हटलं. बोटं मोजा.
"आणि तुमचं नाव आहे की. आभारात."
घरी येऊन आभार पाहिले. 'भगिनी मंडळाच्या सर्व भगिनींचे.'
त्या भगिनींतली एक परवा मला म्हणाली, आपले पाळक डॉक्टर होणार, केवढी शान! तिला सांगितलं, हो, पोटदुखीवर औषध मागायला जाऊ.

९ सप्टें., मंगळ.
रियाने माझी वही आणि प्रबंध शेजारी ठेवून पिवळ्या मार्करने खुणा केल्या. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून वही मीच वाचून दाखवत होते. दीड तासात मार्कर संपला.
"आजी, दिस इज प्लेजरिझम. यू कॅन टोटली रुइन हिम."
म्हटलं, तेच तर करायचंय.
"वॉव," म्हणाली. "आय थॉट यू वर नाइस."
लीना, तिची आई, स्वयंपाकघरातून: "आई, सोडून दे ना. लोक काय म्हणतील?" लोक म्हणतील, बाई अजून पेपर तपासतात.

१० सप्टें.
अहवालाचा मसुदा सुरू. अडचण एकच. बाकी घरांबद्दल तो म्हणणार, मीही होतो. खोटं कोण पाडणार? दोघं-तिघं गेली. एकीला स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नाही. वहीत मी 'गेले' लिहिलं आहे, 'एकटी गेले' असं कुठेच लिहिलेलं नाही. अशी एक भेट हवी, जिथे तो नव्हताच हे सिद्ध करता येईल.

१२ सप्टें., शुक्र.
सापडली. चौथ्या प्रकरणाचा कळसच ती. मॉरिसव्हिलच्या 'श्रीमती क.', अर्धांगवायू झालेल्या. "मी त्यांच्याजवळ दोन तास बसलो. स्तोत्र वाचलं. त्यांनी माझा हात सोडला नाही." तीन दिवसांनी त्या गेल्या.
कमलताई.
पा. तिथे नव्हता. हे मी शपथेवर सांगू शकते, कारण तिथे कोणीच नव्हतं.
मीही नाही.

(नंतर)
लिहूनच टाकते. त्या दिवशी मला कंटाळा आला होता. एवढंच. आजारी नव्हते, बर्फ नव्हता. त्या तीच ती दापोलीच्या शाळेची गोष्ट पुन्हा सांगतील, आणि मला ती ऐकायची नव्हती. दुपारी फोन वाजला. त्यांचाच. उचलला नाही.
त्या गेल्यावर रविवारी भगिनी मंडळात महिन्याच्या भेटी वाचायच्या होत्या. दर महिन्याला मोठ्याने वाचायची आपली पद्धत. पान कोरं कसं ठेवू? आदल्या संध्याकाळी लिहून काढलं. दोन तास, स्तोत्र, हात. वाचल्यावर सगळ्या रडल्या. त्यांच्या मुलाने, नितीनने, माझे पाय धरले.
आणि पा.ने नेमकं हेच उचललं! इतक्या खऱ्या भेटी सोडून.

१४ सप्टें., रवि.
समितीची बैठक. नितीनही समितीत. दोन वेळा डोळे पुसले.
"मावशी, आईजवळ पाळकही होते हे मला माहीतच नव्हतं. मी त्या वेळी ऑफिसात सॉफ्टवेअरच्या रिलीजमध्ये अडकलो होतो, घरी यायला रोज आठ. तुम्ही दोघं होतात म्हणून... बरं वाटलं."
पा.ने मान खाली घातली. नम्र! टेबलावरचा पाण्याचा जग डोक्यावर ओतावा असं वाटलं.
पण मान मीही खाली घातली होती.

१७ सप्टें.
'नाही' वर खूण केली. कारणासाठी तीन ओळी दिल्या आहेत. त्यात कसं मावणार? 'तो नव्हता' लिहिलं तर विचारतील, तुम्हाला कसं ठाऊक. 'मी होते, तो नव्हता' लिहिलं तर तो पडेल, मी उभी राहीन, नितीनचं समाधानही अर्धं शाबूत. सोपं आहे. फक्त त्याने जे केलं तेच मी दुसऱ्यांदा करायचं.
रियाकडून कोरा फॉर्म पुन्हा छापून घेतला.

२० सप्टें., शनि.
पा. घरी आला. केळ्याचा केक. "मावशी, अहवालाचं झालं का? तोंडी परीक्षेची तारीख अडलीय."
म्हटलं, कमलताई त्या दिवशी कोणती गोष्ट सांगत होत्या हो?
डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला, "प्रभूच्या प्रीतीबद्दलच बोलत होत्या."
दापोलीच्या शाळेबद्दल बोलल्या असत्या. प्रभूचं नाव त्यांनी भूल देतानासुद्धा घेतलं नाही. सोडणार नाही याला.
केक पक्ष्यांना घातला. खारींनी खाल्ला.

२५ सप्टें.
कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर खाडाखोड करू देत नसत. चुकलं तर त्यावर एकच रेघ, पट्टीने, खालचं वाचता आलं पाहिजे. गिरवून काळं केलं तर अख्खी वही पुन्हा.
उद्या पाकीट द्यायचा शेवटचा दिवस. सेमिनरीला नितीन नेणार, मला गाडी येत नाही.

२६ सप्टें., शुक्र., सकाळ
नितीनचा मेसेज: 'मावशी, निघतोय. तुमची ती वही घेऊन याल? आईचं पान एकदा तुमच्या अक्षरात बघायचंय.'
फॉर्म टेबलावर. सातवा प्रश्न अजून कोरा. वही उघडली, पट्टी घेतली, कमलताईंच्या पानावर रेघ ओढायला लागले. रेघ सरळ आहे. 'दोन तास बसले' कापलं. 'स्तोत्र वाचलं' कापलं.
ड्राइव्हवेत गाडी आली.
'हात सोडला नाही' अजून राहिलंय.