पाहुण्यांसाठी राखीव भिंत

सोम. ४ नोव्हें.
अमेरिकेची सेवा-मंडळी शनिवारी येणार. नऊ जण, दहा दिवस. सुपरिंटेंडेंट साहेबांनी (यापुढे सु.सा., हात दुखतो) मीटिंग घेतली. विषय दरवर्षीचाच: यांना काम काय द्यायचं? इंजेक्शन देता येत नाही, मराठी येत नाही. लेकरांच्या मिशन हॉस्पिटलात अशा माणसांना दोनच कामं. लेकरांना हसवणं आणि भिंत रंगवणं. लेकरं त्यांना बघून रडतात. उरली भिंत.
माझ्या वॉर्डाच्या व्हरांड्यातली लांब भिंत. एक मंडळी रंगवते, फोटो काढून जाते. दुसरी यायच्या आधी बशीरमामा चुना मारतात. सेवेला कोरी भिंत लागते.

मंगळ. ५
राणी माकडापर्यंत चालली! सांगोल्याची, सात वर्षांची. डाळिंबाच्या टेम्पोतून पडली, मांडीचं हाड. प्लास्टर निघालं, पण पाय टेकवेना. डॉक्टरबाई म्हणाल्या, या पंधरवड्यात चालली नाही तर गुडघा कायमचा ताठ. म्हणून मी युक्ती काढली. गेल्या वर्षीच्या मंडळींनी भिंतीवर बायबलातलं नोहाचं तारू काढलंय, जनावरांची रांगच रांग. रोज एक जनावर पुढे जायचं, हात लावायचा. काल बकरी, आज माकड, उद्या हत्ती. शेवटी जिराफ, पार संडासाच्या दाराशी.
तिची आई: "घरी माझं येक ऐकत न्हाय शिश्टर, आन् माकडासाठी चालती बघा."

बुध. ६
उपासनेहून वर आले तर भिंत पांढरीशुभ्र. बशीरमामा बादली धूत होते.
"कुणी सांगितलं?"
"तुमीच की बाई. म्हैना झाला. डायरीत लिहिलंय म्हन्लात."
पानं उलटून पाहिली. लिहिलंय. अक्षर माझंच.
राणी दारात. "हत्ती कुटं गेला?"
मी म्हटलं, गावाला. सत्तावीस वर्षांची नोकरी, आणि हे उत्तर.
ती बसली ती बसलीच.

शुक्र. ८
दोन दिवस पाय जमिनीला लावलेला नाही. चॉकलेट, धाक, प्रार्थना, सगळं करून झालं. आई माझ्यावर चिडत नाही. चिडली असती तर बरं.
बशीरमामांना चुना खरवडायला बसवलं. जरा जोरात खरवडला. हत्तीच्या जागी डॉल्फिनची शेपटी निघाली.
"ये तो उसके बी पैले का माल है, बाई."

शनि. ९
मंडळी आली. नारिंगी टी-शर्ट, सगळ्यांचे सारखे. सु.सा.नी टॉवेल-टोपी देऊन सत्कार केला. एकाने "थँक्यू, मी आणलाय" म्हणून टॉवेल परत केला.
पुढारी ब्रदर केविन. साठीचा, ताडमाड. दोन वर्षांपूर्वी येऊन गेलाय, हे कुणाच्याच लक्षात नव्हतं. आल्या आल्या भिंतीशी गेला. खिशातून फोटो काढला: निळा समुद्र, डॉल्फिन, खाली बायबलातलं वचन. "माझं चित्र कुठे गेलं?"
सु.सा. म्हणाले, ओल आली होती.
सोलापुरात ओल! नळाला चार-चार दिवस पाणी नाही, ते भिंतीला आलं.
केविनला खरवडलेली शेपटी दिसली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकलं. दरवर्षी पुसतो. तुम्हाला काम हवं असतं, आणि तुम्हाला नाही म्हणायला आमची जीभ रेटत नाही. सु.सा.ना खोकल्याची उबळ. ओघात राणीचंही सांगितलं, माझ्या चुकीसकट.
केविनने शेपटीवरून बोट फिरवलं. मग मंडळींना विचारलं, "हत्ती कोणाला काढता येतो?"
एकही हात वर नाही. फुलपाखरांचे साचे घेऊन आलेत.

सोम. ११
राणीला हत्ती नको. "गेला तर जाऊ दे." मेंढी पाहिजे, घरी आहेत तशी. केविनने काढली.
"ही मेंढी न्हाय, उशी हाय."
मी भाषांतर केलं, काही न वगळता. त्याने तीनदा पुसून काढली. चौथीला राणीने पाय टेकवला. सहा फरश्या चालली. आई हसली की रडली, दोन्ही एकदमच.
नियम ठरला: रोज एकच जनावर, आदल्या दिवशीच्या दोन फरश्या पुढे. उरलेल्या आठ जणांचं काय, म्हणून सु.सा. हवालदिल. लेकरांच्या आयांनी त्यांना शेंगा सोलायला बसवलं. सोलतात बरे.

गुरु. १४
मेंढी, कुत्रं, कोंबडी झाली. आज रेडकू, आणि तेही कोंबडीला खेटून! राणीने खुणा करून केविनला पटवलं होतं, जवळ काढ म्हणून. दोघांनाही झापलं.
केविन: "ती दमते, सिस्टर."
"दमू दे. तुमच्या दयेने गुडघा वाकत नाही."
इंग्रजीत हे फारच कडक झालं असावं. दुपारी जेवला नाही. संध्याकाळी गुपचूप रेडकू पुसून दोन फरश्या पुढे काढलं. आता राणी त्याच्याशी बोलत नाही, तो माझ्याशी.

सोम. १८
मंडळी गेली. राणी आधी तोंड फिरवून बसली, मग गाडी सुटताना खिडकीतून हात हलवला, त्याला दिसेपर्यंत.
निघताना केविन म्हणाला, "ही चित्रं पण पुसणार?"
"राणी चालत घरी गेली की पुसू. त्याआधी बशीरमामांनी बादलीला हात लावला तर मी आहे."
डॉक्टरबाईंनी गुडघा पाहिला. निम्मा वाकतो. निम्म्यावर अडकतात पुष्कळ, म्हणाल्या. हा आठवडा महत्त्वाचा.
केविनच्या शेवटच्या मांजरापुढे भिंत अर्धी कोरी.
"आता कोन काढनार?" राणी.

मंगळ. १९
कोण म्हणजे, मीच.
बैल काढायला घेतला. बशीरमामा आले, लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. "बाई, चुना आनू?"
राणी पलंगावरून मान वाकडी करून: "शिश्टर, ह्ये काय हाय?"
"जवळ येऊन बघ."
"हितनंच सांगा की."
"नाही सांगत."
आईने हात पुढे केला, तो झटकला. भिंत धरून निघाली. रेडकू, मग केविनचं शेवटचं मांजरही मागे टाकलं. त्याच्या पुढच्या फरशीवर गुडघा लटपटायला लागला. थांबली. डोळे बारीक करून बराच वेळ बघितलं.
"गाढव हाय व्हय?"
मी शेपटी रंगवत राहिले.
तिथेच खाली बसली, घामाघूम. "उद्या जवळनं बघते. तवर कुनाला सांगू नगा."
कबूल केलं. सांगणार काय, मलाच अजून कळलेलं नाही.